डॉनच्या आईचं जेवण

"तुकडी तू खाल्लीस आणि आळ माझ्यावर ढकलतोयस," जेनेव्हिव्ह नवऱ्याला सुनावत होती. क्लिफर्डचं म्हणणं, ताटाखाली झाकलेली सुरमई कुणासाठी ठेवलीय ते काय तिच्यावर लिहिलेलं असतं? सासरा अर्बन मध्ये पडत नव्हता, कारण अर्धी तुकडी त्याच्याही पोटात होती.

जिच्यासाठी ती झाकली होती ती जेनेव्हिव्हची सासू मार्सेलिना दारातच उभी होती. पांढऱ्या साडीवर छातीपासून निऱ्यांपर्यंत लालभडक ओघळ. कुणी मान वर केली नाही.

दिवाळीनंतर मरोळ गावठाणाच्या मागच्या बंद कारखान्यात गुंडांच्या मालिकेचं शूटिंग लागलं होतं. डॉनची आई होणारी बाई ऐनवेळी आली नाही. मार्सेलिना तेव्हा दारात चहाचे कप टाकणाऱ्या पोरांना झापत होती. दिग्दर्शकाने तिला तशीच उचलली. आपण कॅथलिक, आरती येत नाही, असं तिने सांगून पाहिलं. तो म्हणाला, तुम्ही फक्त ताट धरा.

काम सोपं होतं. पांढरी साडी नेसायची, तुळशीपुढे दिवा लावायचा, मुलाच्या पैशाला हात लावायचा नाही आणि एकदा त्याच्या थोबाडीत द्यायची. डॉन झालेला उंचापुरा देवव्रत गाल पुढे करून उभा राही. ती आली की सगळे गुंड पिस्तुलं खोचून उठत, आणि तिने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी पानाला हात लावत नसे. सवयच लागली सगळ्यांना. कॅमेरा बंद असतानाही, जेवणाच्या सुट्टीत, ती मंडळी हात आवरून तिच्याकडे बघत बसत. एक दाढीवाला मारेकरी तिला माशाचे काटे काढून देई. घरी मात्र लग्न झाल्यापासून ती सगळ्यांच्या मागून, ओट्याशी उभ्यानेच जेवत आलेली.

पण डॉनच्या आईला मरावंच लागतं, नाहीतर डॉन पिसाळणार कशावर? तिने वाद घातला. त्याचा उजवा हात फितूर आहे, त्याला मारा की. दिग्दर्शक नम्रपणे म्हणाला, त्याची पाळी शेवटच्या भागात आहे.

आज मुलावरची गोळी तिने अंगावर घेतली, पण डोळे काही मिटेनात. शॉट पुन्हा पुन्हा घ्यावा लागला. शेवटी तिचं डोकं मांडीवर घेतलेला देवव्रत कानाशी पुटपुटला, "आई, मरा आता. पोरं उपाशी आहेत."

मग ती मेली.

कपड्यांचा टेम्पो निघून गेलेला, म्हणून तशीच चालत आली. वाटेत क्रूसाजवळ भाजीवालीने विचारलं, मारलं का शेवटी? कोथिंबीर फुकट दिली.

घरात अर्बनने एकदाचं वर पाहिलं. "आलीस? भात टाक. डाग लिंबाने जाईल."

मार्सेलिनाने कोथिंबिरीची जुडी टेबलावर ठेवली, नवऱ्याच्या खुर्चीवर बसली आणि कुणी वाढतंय का याची वाट पाहिली. भांडण आपोआप थांबलं.

"आज मी मेलेय. भात क्लिफर्ड टाकेल," ती म्हणाली. "आणि उद्यापासून ह्या घरात मी जेवल्याशिवाय कुणी जेवणार नाही."