मिस आर्डिसचा गुरुवारचा तास

आमच्या ग्रंथपाल आर्डिस टोलेफसनविषयी थोडं लिहून द्या, असं ग्रंथालयाच्या लोकांनी मला सांगितलं. रोज सकाळी पेपर वाचायला मी तिथं बसतो, एवढंच त्याचं कारण. पण ती मला फारशी माहीत नव्हती. तिचं कधी लग्न झालं होतं का, हेसुद्धा मला सांगता यायचं नाही. बसल्या जागेवरून दिसलं तेवढं लिहितो.

आमच्याकडे बरीच कुटुंबं मुलांना शाळेत घालत नाहीत. आईवडील घरीच शिकवतात, बहुतेक स्वयंपाकघरातल्या टेबलावर. ही मुलं दर गुरुवारी ग्रंथालयात यायची आणि आर्डिस त्यांचा एक तास घ्यायची. पुस्तकात असो की इंटरनेटवर, काही वाचलं की विचारायचं: हे कोण सांगतंय, त्याला कसं कळलं, आणि आणखी कोणी हेच सांगतंय का. तासात एवढंच असायचं. मुलं मात्र ते घरी घेऊन जायची.

लेव्ही ब्रेक्के नावाच्या मुलाची आई एकदा हसत हसत तक्रार घेऊन आली. "मिस आर्डिस, काल जेवताना हा मला विचारतो, वाटाणे तब्येतीला चांगले असं कोण सांगतंय?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मी सांगतेय."

"आणखी कोणाला तरी विचारायला सांगा. तोवर ताट संपवू दे."

मुलं येतील तोवरच तास चालेल, असं ग्रंथालयाच्या समितीनं तिला सांगून ठेवलं होतं. या तासाखेरीज बाकी कशात तिचा फारसा जीव असावा असं मला वाटत नाही. गुरुवारी ती वेगळा, निळा स्वेटर घालायची.

वसंतात ही सगळी कुटुंबं चर्चच्या तळघरात जमतात. प्रत्येक मूल उभं राहून वर्षभरात शिकलेलं काहीतरी सांगतं, मग कॉफी आणि केक. त्या वर्षी टिर्झा क्विग्ली या मुलीनं आपल्या पणजोबांचा विषय घेतला. मोठ्या पुरात पणजोबांनी होडी घालून शाळेतली मुलं बाहेर काढली, ही गोष्ट क्विग्लींच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगतात. गावालाही ती पाठ आहे. टिर्झानं गुरुवारच्या तासाच्या सवयीनं ती पडताळून पाहिली. गावच्या जुन्या पेपरात आणि तेव्हाच्या शिक्षिकेनं लिहिलेल्या आठवणींत, दोन्हीकडे, पुराच्या दिवशी शाळा बंद होती असं निघालं.

ती आर्डिसकडे आली तेव्हा मी पलीकडच्याच टेबलाशी होतो. आता काय सांगू, असं तिनं विचारलं. आर्डिसनं हातातलं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. समोर मुलीचे आजोबा, म्हणजे त्या पणजोबांचा मुलगा, बसणार, हे तिला ठाऊक होतं.

"सापडलं ते सांग," ती म्हणाली. "जे कळलं नाही, तेही सांग."

टिर्झानं तसंच केलं. पणजोबांची गोष्ट आधी सगळी सांगितली, मग शोधून सापडलेलं, आणि शेवटी म्हणाली की हे असं झालं होतं का, ते मला नक्की सांगता येत नाही. तिचे आजोबा, वेंडेल क्विग्ली, पहिल्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसले होते. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग कोणीतरी कॉफी ओतायला लागलं.

सोमवारी टिर्झाचे वडील, जोएल, ग्रंथालयात आले. आवाज चढवला नाही. मुलांना पुस्तकं शोधायला शिकवा, आजोबांना खोटं पाडायला नको, असं म्हणाले.

"ती खोटं म्हणाली नाही," आर्डिस म्हणाली. "नक्की सांगता येत नाही, असं म्हणाली."

"आमच्या घरात दोन्ही एकच आहे, मिस आर्डिस."

त्यांनी टोपी घातली, मलाही मान लववली आणि गेले.

त्या गुरुवारी टिर्झा आली नाही. पुढं कोणाचं दात दाखवायला जाणं निघालं, कोणाचा पियानोचा क्लास, कोणाची गवताची कापणी. सगळे अगदी अदबीनं फोन करून कळवायचे. लेव्ही सगळ्यांत शेवटपर्यंत येत होता. त्याला एकट्याला घेऊनही तिनं पूर्ण तास घेतला. मग तोही यायचा थांबला, आणि समितीनं ती वेळ विणकाम करणाऱ्या बायकांना दिली. आर्डिस पुस्तकं लावत राहिली. गुरुवारीही रोजचा राखाडी स्वेटर घालू लागली.

जानेवारीत ती झोपेतच गेली, असं मला न्हाव्याकडे कळलं. मी दाढी पुरी करून घेतली आणि घरी आलो.

आमचं शेवटचं बोलणं त्याच्या आदल्या शुक्रवारी झालं. ग्रंथालय बंद करून ती गाडीपाशी आली होती. मी म्हटलं, "तुमचं मागचं टायर बसलंय."

ती वाकून पाहत म्हणाली, "हो की. जाता जाता हवा भरून घेते."