बाळासो निवेदकाचा लोखंडी माइक

आमच्या भागात कुस्तीचं मैदान भरलं की दोन आवाज सगळ्यांच्या आधी येतात. एक हलगीचा आणि दुसरा बाळासोचा. हलगीवाला निदान हलगी शेकायला तरी मधे थांबतो. बाळासो थांबत नाही.

पन्हाळ्याच्या पायथ्यापासून हुपरीच्या वेशीपर्यंत असा मोठा माणूस सापडायचा नाही, ज्याला बाळासोनं आणखी मोठा केला नाही. ग्रामपंचायतीत एकदा निवडून आलेला गडी त्याच्या तोंडात पडला की 'तरुणांचं काळीज' होतो. पतसंस्थेचा संचालक 'गोरगरिबांची सावली' होतो. ज्यानं जन्मात लंगोट बांधला नाही, ज्याला धड मांडी घालून खाली बसता येत नाही, तो 'तांबड्या मातीचा पोशिंदा' होतो. ही विशेषणं बाळासो घरूनच घेऊन येतो. मैदानात फक्त वाटप होतं, शाळेत गणवेश वाटतात तसं. कुणाला ते आखूड होतं, कुणाला ढगळ होतं, पण परत कुणी करत नाही.

त्याच्या हातातला माइक मात्र खराखुरा आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीत भजनाच्या कॅसेटी काढणारा एक जुना स्टुडिओ बंद पडला, तेव्हा तिथून त्यानं तो आणला. लोखंडी दांडा, वर जाळीचं बोंड, वजनाला नांगराच्या फाळाची आठवण यावी असा. हातात धरून पावसात, बाजारात, दंगलीत उभं राहून बोलायला रेडिओवाले असला माइक वापरतात म्हणे. बाळासो ज्याला त्याला ऐकवतो, "ह्यो रेडिओचा हाय, पावणं. घण घाला, तरी बोलणार."

घण कुणी घातला नाही, पण नारळावर तो त्यानं स्वतःच घातला. एका मैदानात उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना नारळ फुटेना. दगडावर आपटला, निसटला. पुन्हा आपटला, पुन्हा निसटला. लोक हसायला लागले. पाहुण्यांचा चेहरा पडलेला बाळासोला कसा बघवणार? तो व्यासपीठावरून खाली उडी मारून आला आणि चालू माइक नारळावर हाणला. सगळ्या कर्ण्यांतून असा धडाका उडाला की बापांच्या खांद्यावर बसलेली पोरं रडायला लागली, आणि झाडाखाली बांधलेलं बक्षिसाचं बोकड दावं तोडून पळालं. नारळ फुटला. माइकच्या जाळीला पोचा आला. त्यातून पाणी ठिबकत होतं, आणि ते पुसायच्या आधीच बाळासो म्हणाला, "साहेबांच्या शुभहस्ते श्रीफळ वाढवण्यात आलेलं आहे!"

तो पोचा अजून तसाच आहे. त्याच्या खाली माइकच्या गळ्यात चांदीचं कडं आहे. ती चांदी पोरीच्या पैंजणांची. हुपरीला तो पैंजण करायलाच गेला होता, पण पोरगी म्हणाली, "पैंजण घालून मातीत उतरू व्हय?" मग बाळासोनं ती चांदी माइकला घातली. घरात दोन पोरं असावीत आणि एकीनं नको म्हटलेलं दुसऱ्याला द्यावं, इतक्या सहज.

या माइकचा एक गुण आहे. तो तोंडाजवळचंच ऐकतो. ओठाला लावला तर कुजबुजसुद्धा उचलतो. चार बोटं लांब हलगी बडवा, त्याला पत्ता नाही. तोफ उडवली तर कुणी शिंकलं असेल एवढंच त्याला कळतं. आवाज भरणाऱ्यांना असलाच माइक लागतो, आजूबाजूचा गलका आत येत नाही. बाळासोलाही म्हणूनच तो जिवाभावाचा वाटला. आपल्या आवाजात दुसऱ्या कुणाची भेसळ त्याला कधीच खपली नाही.

पोरीचं नाव संयोगिता. परकरात होती तेव्हापासून ती तालमीच्या दारात उभी राहायची. पुढं एसटीनं कोल्हापूरला जाऊन येऊन ती कुस्ती शिकली. खांदे रुंद झाले, कान चुरगळले, आणि बोलणं कमी झालं. बापाच्या वाट्याचं बोलणं आणि हिच्या वाट्याचं बोलणं एकाच माणसात गेलं असावं.

आता मैदानाची रीत सांगितली पाहिजे. बारक्या कुस्त्या उन्हात होतात आणि एक नंबरची कुस्ती दिवस कलताना. पोरींची कुस्ती मधे घालतात. मधेच का, तर साहेबांच्या गाड्या मधेच येतात. मोठ्या कुस्तीत स्वागत केलं तर पब्लिक शिव्या देतं, म्हणून स्वागतासाठी पोरींची कुस्ती राखून ठेवलेली. मातीत दोघी झुंजत असतात, आणि निवेदक त्यांच्याकडं पाठ करून फेटे, हार, नारळ बोलत असतो. त्यामुळं संयोगितानं कितीही मैदानं मारली, तरी तिच्या बापानं तिची कुस्ती कधी बोलली नाही. लागताना नाव घेतलं, संपल्यावर नाव घेतलं. मधली सगळी कुस्ती साहेबांच्या हारात गेली.

तिचं एकच मागणं होतं. "आबा, माझी एक तरी कुस्ती बोला. हात मिळवल्यापासनं चीत हुईस्तवर."

"बोलणार की! तुझी न्हाय बोलणार तर कुणाची बोलणार?" बाळासो दर वेळी म्हणायचा. त्याच्या विशेषणांसारखाच हा शब्दही त्याच्याकडं तयार असायचा.

यंदाच्या यात्रेत आमच्या गावच्या मैदानाला राजारामपुरीतून बुद्धभूषण नावाचा तरुण आला. तो लोकांच्या मोबाइलवर ऐकायचे कार्यक्रम तयार करतो. त्याला पैलवान पोरींवर कार्यक्रम करायचा होता, आणि त्यात संयोगिताची कुस्ती तिच्याच वडिलांच्या आवाजात हवी होती. त्यानं बाळासोच्या माइकची एक वायर आपल्या यंत्रात घेतली. संयोगितानं ते बघितलं. केस घट्ट बांधताना ती त्या दिवशी हसत होती.

समोर सांगलीकडची पोरगी होती. अंगानं जड, डोळ्यानं शांत. हात मिळाले, माती उडाली, बाळासोनं आवाज लावला, "लागली! लागली!" आणि पांदीत गाड्यांचा धुरळा दिसला. कमिटीचा अध्यक्ष सम्राटदादा धावत आला आणि त्याच्या कानाला लागला, "साहेब आले, साहेब! फिर तिकडं!"

बाळासो फिरला. बैलसुद्धा कासरा ओढल्यावर इतक्या लवकर फिरत नाही.

त्याच्या पाठीमागं काय झालं ते सगळ्या गावानं बघितलं. सांगलीच्या पोरीनं संयोगिताला रेटत कडेला आणली. संयोगिता खाली गेली, निसटली, आणि उलट तिलाच पालथी घालून वर बसली. मग कितीतरी वेळ काहीच हललं नाही. ज्याला कुस्ती कळत नाही त्याला वाटावं, दोघी दमून पडल्यात. संयोगितानं तिच्या मानेवर गुडघा ठेवला आणि इंच इंच फिरवत तिला आभाळ दाखवलं. याला घुटना म्हणतात. दिसायला काही नाही, पण सगळं हाड त्यात लागतं. मैदान उभं राहिलं. टोप्या उडाल्या, म्हातारी माणसं शिट्ट्या मारायला लागली.

तो गलका बाळासोच्या कानावर आला. त्यानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. छाती फुगवून तो माइकमध्ये म्हणाला, "हा जल्लोष! हा साहेबांवरच्या प्रेमाचा जल्लोष!" आणि साहेबांनी हात वर करून पोरीच्या टाळ्या घेतल्या. त्यांना तरी काय माहीत. टाळी वाजली की ती आपलीच, हे त्यांना सवयीनं ठाऊक.

बुद्धभूषणनं यंत्र कानाला लावून बघितलं. त्यात संयोगिता नव्हती, मैदान नव्हतं, टाळ्यासुद्धा नव्हत्या. माइकनं आपलं काम चोख केलं होतं. आत होता नुसता बाळासो, आणि बाळासोत नुसते साहेब.

"काका, कुस्तीचा एक शब्द नाही हो यात," तो बिचारा म्हणाला. "स्टुडिओत येऊन एकदा बोलाल का, झाली तशी?"

इथं दुसरा बाप असता तर मान खाली घालून म्हणाला असता, बाबा, मी बघितलीच नाही. बाळासो म्हणाला, "कवा येऊ सांगा."

स्टुडिओची खोली भिंतीला स्पंज लावलेली, गादीच्या आत शिरल्यासारखी. बाळासोनं तिथला माइक नाकारला. स्वतःचा आणला होता, कड्यासकट. काचेपलीकडं संयोगिता कानाला हेडफोन लावून बसली. आणि बाळासो बोलला. काय बोलला! असं बोलला की खोलीत माती उडाली. "वाघीण पुढं सरली... हाताला हात भिडला... कंबर धरली, आणि ही मारली ढाक! उचलली, फिरवली, धरणीवर आदळली!" बुद्धभूषणच्या डोळ्यात पाणी आलं. काचेपलीकडं संयोगितानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

जिन्यात तिनं विचारलं, "आबा, ही कुणाची कुस्ती?"

"तुझीच की गं!"

"मी ढाक कवा मारली? घुटन्यावर पाडली तिला. खालीच व्हतो आमी दोघी."

"अगं, ढाक ऐकाय बरी वाटती. उचलली, आदळली. घुटना काय, कुणाला दिसतोय?"

"बघितलं त्याला दिसतोय."

 बाळासो माइकवरची धूळ पुसायला लागला.

"आता ऐका," ती म्हणाली. "फुडच्या मैदानात बोलला न्हाय तरी चालंल. बघा नुसतं. कुस्ती झाली की मी इचारणार, कशावर मारली न्हायतर कशावर पडलो. सांगाय आलं न्हाय, तर ज्या मैदानात तुमी, त्या मैदानात मी न्हाय. कायमची."

कार्यक्रम लोकांनी ऐकला. जो तो संयोगिताला थांबवून सांगायला लागला, "काय ढाक मारलीस गं!" यातली निम्मी माणसं त्या दिवशी मैदानात होती. त्यांनी घुटना स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता, पण मोबाइलवर बाळासोनं ढाक म्हटल्यावर ती आपले डोळे खोटे मानून मोकळी झाली. "घुटना व्हता तो," संयोगिता सांगायची. "तेच की!" लोक म्हणायचे. सम्राटदादानं तर आपल्या वाढदिवसाच्या मैदानाचा फलक लावला, त्यावर तिच्या नावामागं 'ढाकेची राणी' छापलं. स्वतःचा फोटो मात्र तिच्या चौपट.

त्या वाढदिवसाच्या मैदानात तिची कुस्ती पुन्हा मधेच घातली होती. समोर कर्नाटकच्या हद्दीवरची एक काटक पोरगी. हात मिळाले, आणि रीतीप्रमाणं पांदीत धुरळा दिसला.

"बाळासो, साहेब! फिर!" सम्राटदादा म्हणाला.

बाळासो फिरला नाही.

"आरं, ऐकू येतंय का? साहेब आलं!"

"येऊ द्यात की," बाळासो म्हणाला. त्याचे डोळे मातीवर होते.

सम्राटदादानं त्याचा सदरा ओढला. मग लाउडस्पीकरवाल्याला खूण केली. त्यानं बाळासोच्या माइकची वायर मागच्या यंत्रातून उपटली आणि दुसरा माइक दादाच्या हातात दिला. दादा कर्ण्यांतून स्वतःच स्वागत करायला लागला. बोलताना धाप लागत होती. साहेबांना त्यानं एकदा स्वर्गीयसुद्धा म्हटलं आणि लगेच सावरलं.

मी व्यासपीठाच्या कडेलाच होतो. मेलेला माइक ओठाला लावून बाळासो बोलत होता. वाघीण नाही, रणरागिणी नाही, काही नाही. "मान आत घे. आत घे गं. हात लांब टाकू नगो... आरं आरं, पाय! पाय बघ!" इतकी वर्षं ऐकतोय त्याला, पण या माणसाला कुस्ती कळते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. एवढं कळत असून त्यानं ते कुणाकुणाच्या हारांखाली पुरून ठेवलं होतं, याचा मला जास्तच राग आला.

संयोगिता पडली. खांदे मातीला टेकले. हरलेल्या पैलवानाला 'निकराची झुंज दिली' म्हणून झाकायची बाळासोची जुनी सवय. त्या दिवशी तो म्हणाला, "चीत. माझी संयोगिता चीत." कर्ण्यांतून तेव्हा साहेबांच्या फेट्याचा रंग सांगितला जात होता. जिंकलेल्या पोरीचं नावही कुणी घेतलं नाही.

संयोगिता तशीच व्यासपीठापाशी आली. पाठभर माती, श्वास वर आलेला.

"कशावर पडलो?"

"छडी टांग," बाळासो म्हणाला. "उजवा पाय फुडं टाकलास, समदं वजन त्याच्यावर. तिनं आतनं पाय अडकवला."

"आन त्याच्या आदी?"

"दोनदा तिचा पाय ओढून पट काढाय गेलीस. दोन्ही बारीला हात उशिरा गेला. दुसऱ्या बारीला तर मला वाटलं, गावली ती आता."

 तिनं बापाच्या मुठीतला माइक ओढून घेतला आणि तळहातावर दोनदा आपटला. आवाज आला नाही. पुन्हा आपटला.

"ह्यो बंद हाय की, आबा."

"कवापासनं?" बाळासोनं विचारलं.