दुसऱ्या मजल्यावरची मोटर

आम्ही पाणी चोरतो, असं आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लिहिलेलं होतं. आधी चार दिवस एका तऱ्हेने, मग महिनाभर दुसऱ्या तऱ्हेने. दोन्ही मजकूर मी वहीत उतरवून ठेवलेत. मला वह्यांची सवय आहे. गॅस सिलिंडरची एक, वाण्याची एक, आणि त्या वर्षापासून नवऱ्याच्या झोपेची एक.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही नेरूळला दुसऱ्या मजल्यावर राहायचो. हे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. घोरण्याचं आमच्या घरात कुणाला काही वाटत नसे. सासरी तर त्यावर चेष्टामस्करी चालायची. पण एका सकाळी हे सिग्नलला स्कूटरवर एक पाय टेकवून चक्क झोपले. सिग्नल सुटला, मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दाबून धरला, तेव्हा जागे झाले. हे मला यांनी सांगितलं नाही. यांच्या सहकाऱ्याच्या बायकोने भाजी निवडता निवडता सांगितलं.

मग मुंबईच्या हॉस्पिटलात एक रात्र अंगाला वायरी लावून झोपवलं. डॉक्टर म्हणाले, झोपेत यांचा घसा मिटतो, श्वास थांबतो, जीव घाबरून शरीर जागं होतं, आणि रात्रभर हेच चालतं. उपाय म्हणजे सीपॅप नावाचं मशीन. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीतून हवेचा दाब. "एकही रात्र चुकवायची नाही. आणि दिवसाची झोप जाईपर्यंत स्कूटर बंद," असं त्यांनी यांना नाही, मला बजावलं. माणसं ओळखणारे होते.

मशीन परदेशी होतं, चपलांच्या खोक्याएवढं. नळी आखूड, म्हणून ते पलंगाशेजारी लादीवर ठेवावं लागे. पहिल्या रात्री यांचा श्वास एकदाही अडला नाही. मीच जागी होते, म्हणून मला ठाऊक. पहिले काही दिवस आवाज पंख्याइतका होता. महिन्याभरात तो पिठाच्या गिरणीवर गेला. मी विक्रेत्याला फोन केला.

"मॅडम, मशीन म्हटलं की आवाज येणारच. सवय होईल."

"पहिल्या आठवड्यात नव्हता. सवय मला उलट्या दिशेने कशी होईल?"

त्याने फोन ठेवला. तारीख आणि वेळ वहीत आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर साताऱ्याकडचं कुटुंब होतं. नवरा वाशीच्या मार्केटमध्ये माल उतरवायच्या कामावर, पहाटे तीनला निघायचा. त्याच्या बायकोने एके दिवशी मला जिन्यात गाठलं.

"आवो ताई, रातभर आमच्या डोक्यावर काय घुरघुरतंय? मालक तीनला कामावर जात्यात. त्यांनी झोपायचं कवा?"

मला तिचं पटत होतं. मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि बंद केलं. कारण मशीन घरात आलं त्याच दिवशी यांनी मला शपथ घातली होती, की बाहेर कुणाला कळता कामा नये. "बघते," एवढंच मी म्हणाले. तिला ते चोराचं उत्तर वाटलं असेल, तर मी तिला दोष देत नाही.

दोष देते ते कमिटीला. त्या दिवसांत पाणी पहाटे तासभर यायचं आणि वरच्या मजल्यांवर करंगळीएवढी धार पडायची. काही लोक लाइनीला गुपचूप छोटी मोटर जोडून पाणी ओढायचे. तेव्हा आमच्याकडे कसलं तरी मशीन घुरघुरतंय म्हटल्यावर कमिटीला दुसरं काही सुचलंच नाही. गुरुवारी आमच्या फ्लॅटच्या नंबरासकट नोटीस लागली: 'रात्री पाण्याची मोटर चालवणे हा इतर सभासदांवर अन्याय आहे.' अहो, रात्री एक वाजता नळाला पाणीच नसतं, तर मोटर ओढणार काय? एवढा साधा प्रश्न सात जणांच्या कमिटीतल्या एकालाही पडू नये!

संध्याकाळी सेक्रेटरी दारात आले. मी आत कणीक मळत होते.

"साहेब, खालून कंप्लेंट आहे. तुमच्याकडे रात्री मोटर चालते?"

"चालते," हे म्हणाले.

"पाण्याची?"

यांचं खाकरणं ऐकू आलं. मग हे म्हणाले, "हो."

"काय साहेब, तुम्ही पण? काढून टाका. उगाच टेन्शन नको."

"आजपासून बंद. शब्द देतो."

दार लागलं. मी कणकेच्या हातांनी बाहेर आले.

"अहो, हे काय बोललात तुम्ही?"

"मग काय सांगू? रात्री तोंडाला सोंड बांधून झोपतो म्हणून सांगू?"

"आणि चोर चालेल?"

"पाणी काय, सगळेच ओढतात."

दोन दशकं या माणसाने कारखान्यातून साधी पेन्सिल घरी आणली नव्हती. तो माणूस मास्कच्या लाजेपायी चोर व्हायला तयार झाला, आणि शब्द दिला म्हणून त्या रात्री मशीन खोक्यात गेलं.

तीन रात्री मी गजराचं घड्याळ मांडीवर घेऊन बसले. घोरणं अडलं की मनात आकडे मोजायचे. दहा, पंधरा, वीस. एकदा एकतीसपर्यंत गेले आणि यांना गदागदा हलवलं. "झोपू दे ना गं," असं माझ्यावरच खेकसले. शनिवारी सकाळी चहाचा कप हातात धरून डुलक्या घेत होते, आणि त्याच तोंडाने म्हणाले, "सोमवारपासून स्कूटर काढतो. बसने फार वेळ जातो."

माझ्याकडे दोन दिवस होते. मी यादी केली. पहिलं काम, आवाज कमी करणं. तो गेला तर खालचीची तक्रार जाते. हे बाहेर गेल्यावर मी मशीन लादीवर ठेवून सुरू केलं आणि दोन्ही हातांनी उचललं. निम्मा आवाज तिथेच गेला. म्हणजे घरघर लादीतून खाली जात होती. जुन्या रबरी स्लिपरचे चार तुकडे कापले, जेवायच्या पाटाखाली चिकटवले आणि मशीन पाटावर बसवलं. उरलेला आवाज मागून येत होता. तिथे एक इवलंसं झाकण होतं. नखाने उघडलं, तर आत स्पंजचा तुकडा, काळाकुट्ट. आमच्याकडे तेव्हा दगडखाणींची धूळ इतकी यायची, की सकाळी पुसलेला टीव्ही दुपारी पांढरा व्हायचा. ती सगळी धूळ त्या स्पंजने खाल्ली होती. बिचारं मशीनही घुसमटत होतं.

विक्रेत्याला फोन केला.

"हो, फिल्टर धुवायचा असतो मॅडम. बुकात दिलंय."

"तुमचं बुक जर्मन भाषेत आहे."

"चित्रं आहेत ना."

या वेळी फोन मी ठेवला.

स्पंज धुतला, रात्रभर पंख्याखाली वाळवला, बसवला. मशीन पहिल्या दिवसासारखं, नुसतं सुस्कारल्यासारखं वाजू लागलं. पण यांचा शब्द आड येत होता. तो ज्याला दिला त्यानेच यांना त्यातून मोकळं करायला हवं होतं. रविवारी सकाळी हे मासळी आणायला गेले आणि मी शपथ बाजूला ठेवून सेक्रेटरींना वर बोलावलं.

"वहिनी, मोटर काढली ना? मग बघायची गरज नाही."

"बघाच."

त्यांना किचनकडे वळू न देता मी थेट पलंगापाशी नेलं, मशीन सुरू केलं, मास्क त्यांच्या हातात दिला आणि तीन रात्रींचे आकडे वाचून दाखवले. एकतीसला ते पलंगावर टेकले. "च्यायला," म्हणाले, आणि जीभ चावली. "मग साहेब हो का म्हणाले?"

तेवढ्यात साहेब पापलेटची पिशवी घेऊन दारात. मास्क सेक्रेटरींच्या हातात पाहून यांचा चेहरा असा उतरला, की माझा राग क्षणभर निवला. क्षणभरच.

"ती नोटीस काढा," मी म्हणाले. "आणि मोटर नव्हतीच, असं लिहून लावा."

"मग नक्की काय होतं ते सगळे विचारतील," हे पिशवीकडे बघत म्हणाले. "नको. मोटर काढली असंच लिहा." मग माझ्याकडे बघून हळूच, "तेवढं राहू दे. मी रोज लावीन. एक रात्र चुकवणार नाही."

म्हणजे बोर्डावरचं नाव आणि नवऱ्याचा श्वास, यांतलं एकच मला मिळणार होतं, आणि निवडायचं मी. जिने चोरी केली नाही तिने! मला इतका संताप आला, की मी पिशवी हिसकावून किचनमध्ये गेले. तिथूनच ओरडले, "लिहा, काय लिहायचं ते लिहा!"

सोमवारी नवी नोटीस लागली. 'दुसऱ्या मजल्यावरील मोटर काढण्यात आली आहे. संबंधितांचे आभार.' आभार! खालची मात्र त्याच आठवड्यात वाटीभर शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. "आता मालकास्नी झ्याक झोप लागतीय," म्हणाली. मी चटणी घेतली. काय करणार?

यांनी शब्द पाळला. वहीत एकही रात्र कोरी नाही. महिनाभराने डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हाच स्कूटर बाहेर निघाली.

पुढच्या उन्हाळ्यात समोर राहायला आलेल्या बाईंनी मला जिन्यात थांबवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे ती मोटर होती ना, ती कुठे मिळते हो?"