अर्ध्या किलोचं पितळी वजन

आमचे हे वजनकाटे दुरुस्त करतात. वाण्याचे, सोनाराचे, दवाखान्यातले, कुणाचेही. छत्तीस वर्षं हाच उद्योग, त्यामुळे माणूस असा झालाय की सख्खा भाऊ ‘बरा आहे’ म्हणाला तरी ह्यांना आधी त्याचं पारडं तपासायचं असतं. मी भाजी आणली की पिशवी नुसती उचलून सांगणार, “शंभर ग्रॅमला फसलीस.” आणि मेलं ते खरंच निघायचं!

मागच्या वर्षी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय महिन्याभरात चालू लागला. जीभ तर एक दिवससुद्धा बंद पडली नाही. उजवा हात मात्र मांडीवर नुसता पडून राहिला. काट्याचा बारीक स्क्रू धरायला अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट लागतं, आणि नेमकी तीच दोन हलेनात. दुकानाचं शटर खाली आलं. हे घरात बसून माझी फोडणी तपासायला लागले.

शेवटी मीच ओढून व्यायामाच्या केंद्रात नेलं. खिडकीपाशी टेबलावर एक यंत्र होतं. तिथल्या मुलीने ह्यांच्या हाताला तीन गोल चिकटपट्ट्या लावल्या, त्यांच्या वायरी एका खोक्यात जोडल्या आणि समोर पडदा लावला.

“काका, मनगट वर उचलायचा प्रयत्न करा. हललं नाही तरी चालेल. आत स्नायूने थोडं जरी मनावर घेतलं, तरी ही हिरवी पट्टी वर चढते. लाल रेषेला टेकली की वाजतं. मग डोक्याला कळतं, हां, असंच करायचं.”

“म्हणजे हात हलला नाही, तरी हे म्हणणार हलला?” हे म्हणाले. “असले काटे मी जप्त होताना बघितलेत.”

आणि खिशातून काय काढावं? सरकारी शिक्क्याचं अर्ध्या किलोचं पितळी वजन! चिकटपट्ट्या आधी डाव्या, धडधाकट हाताला लावायला सांगितल्या. वजन तळव्यावर ठेवून हात उचलला. पट्टी बरोबर लाल रेषेवर येऊन थांबली. ते ह्यांनी डाव्या हाताने खिशातल्या वहीत वेडंवाकडं लिहून ठेवलं. मुलगी हसली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग उजवा हात. अठरा दिवस झाले, एकदाही वाजलं नाही. पट्टी कशीबशी निम्म्यापर्यंत जायची आणि खाली बसायची. एकोणिसाव्या दिवशी हे म्हणाले, “शनिवारपर्यंत बघतो. नाही वाजलं तर मी काही येत नाही. तुम्ही बसा खेळत.”

मी मुलीला जिन्यात गाठलं. ती म्हणाली, “काकू, आत्ता सोडलं तर बोटं आत वळून आखडतील. मग सरळ करणं फार कठीण.”

“मग त्या यंत्राला जरा सैल कर ना गं.”

“करतो आम्ही कधीकधी. पण माणसाला सांगून.”

“ह्यांना सांगितलंस तर संपलंच! बाई, माझ्यासाठी कर.”

खोक्याच्या मागे एक गोल बटण होतं, त्याला दहा घरं. तिने ते नाइलाजाने फिरवलं. आता थोड्या जोरावरही पट्टी रेषेला टेकणार होती.

शुक्रवारी वाजलं. ह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, मी ते पहिल्यांदा बघत होते. मीही रडले, पण माझं रडणं वेगळं होतं. शनिवारी चार वेळा वाजलं. घरी येताना हे चक्क शीळ वाजवत होते.

सोमवारी बसल्या बसल्या म्हणाले, “बाई, जरा डाव्या हाताला लावा.” वजन पुन्हा खिशातून बाहेर! तळव्यावर ठेवलं मात्र, पट्टी लाल रेषा ओलांडून थेट पडद्याच्या माथ्याजवळ जाऊन थांबली.

मुलीने माझ्याकडे बघितलं. ह्यांनी तिची नजर कुठे गेली ते बघितलं. चोर सापडायला तेवढं पुरलं.

“बटण किती घरं फिरवलं?” ह्यांनी मला विचारलं.

“दोन,” मी म्हटलं. खरं तर पाच होती. आधीच पकडले गेले होते, वर आणखी खोटं बोलले. का, ते आजही सांगता येत नाही.

दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. औषधाची गोळी दिली की पाकिटावरचं नाव वाचायचे. मी बंद केलेला गॅस पुन्हा जाऊन बघायचे. मला वाटलं, संपलं, आता हे जायचे नाहीत, आणि हात माझ्यामुळे गेला. गुरुवारी सकाळी बघते तर दारात चपला घालून उभे.

केंद्रात पोचल्यावर मुलीला म्हणाले, “बटण होतं तिथे आणा. रोज आधी वजन लावायचं, मग हात.” आणि मला बोटाने बाहेरचा बाक दाखवला.

एकतीस दिवस मी त्या बाकावर बसले. बत्तिसाव्या दिवशी आतून आवाज आला. मी उठले, पण दारातच थबकले. आत हे ओरडत होते, “वजन लावा, आधी वजन लावा!” वजन लावून झालं. मग पुन्हा वाजलं. मुलीने टाळ्या वाजवल्या. मला कुणी आत बोलावलं नाही.

त्यानंतर दोन-अडीच महिने गेले, आणि एक दिवस ह्यांनी दुकानाचं शटर उघडायला लावलं. जुना काटा पुढ्यात घेतला. चिमटीत स्क्रू धरला, पडला. धरला, पडला. चौथ्या वेळी जागेवर बसला. मी कोपऱ्यात केरसुणी घेऊन उभी.

“इकडे ये. हात दे.”

मी हात पुढे केला. ह्यांनी उजव्या हाताने माझं मनगट धरलं.

“बटण किती घरं फिरवलं होतं?”

“पाच,” मी म्हटलं.

“पाचच. पट्टी किती वर गेली त्यावरून त्याच दिवशी कळलं होतं. वहीत आहे.”

“मग इतके दिवस विचारलं का नाहीत?”

“तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. आणि ऐकताना हात धरता यायला हवा होता.”

त्यांनी मनगट सोडलं नाही. अंगठा रुतत होता, चांगलंच दुखायला लागलं. मी सोडा म्हटलं नाही.