बैलगाडीतलं विमान

महायुद्धाच्या काळात जपानमधल्या आमच्या नागोयात कुजबुज होती, की गाडीवान तोराकिची मुद्दाम रेंगाळतो. त्याचा पोरगा विमानवाहू जहाजावर वैमानिक. विमान जितकं उशिरा पोचेल, तितका पोरगा जास्त जगेल! कारखान्यातली लढाऊ विमानं धावपट्टीपर्यंत त्याच्याच बैलगाडीतून जात, कारण लॉरीच्या हिसक्यांनी पातळ पत्रा चेपायचा. तोफूच्या रांगेत तोफू संपायचा, गप्पा संपायच्या नाहीत. या गप्पा लष्करी पोलिसांच्या कानी गेल्या.

एका सकाळी शिपायाने गाडी अडवली. "काय रे म्हाताऱ्या, लढाई काय तुझ्या बैलांसाठी थांबणार?"

तोराकिची गाडीवरून खाली उतरला. फितुरी ठरली तर तुरुंगच. "साहेब, बैलांचे पाय बघा," तो कसाबसा म्हणाला.

शिपाई वाकला. सगळं लोखंड लढाईला गेल्यामुळे बैलांना नाल मिळत नव्हती, आणि त्यांच्या पायांतल्या पेंढ्याच्या चपला वाटेत सारख्या तुटत होत्या.