परबकाकांचा हात

भूतबित, करणीबिरणी असल्या गोष्टींची घरात सगळ्यात जास्त टिंगल मीच करते. आत्या अमावास्येला नारळ ओवाळून टाकायची, तेव्हा मी तिला मुद्दाम चटणीचं विचारायचे. त्यामुळे हे लिहिताना मला माझंच हसू यायला हवं होतं... येत नाहीये. दुपारी, सगळे पडदे उघडे टाकून लिहितेय.

मी कांदिवलीला राहते, समाजशास्त्रात पीएचडी करते. विषय – लढाईवर जाऊन आलेले सैनिक आणि त्यांचा मर्दपणा. म्हणजे तिकडे लढताना आणि मग घरी परतल्यावर, ‘मर्द’ असणं म्हणजे त्यांना काय वाटतं. बाबा म्हणायचे, फौजींना असले प्रश्न विचारलेस तर मार खाशील. मार कुणी दिला नाही, पण बोललंही कुणी नाही. ‘आम्ही घाबरत नाय मॅडम’, इथेच सगळ्यांची गाडी अडायची.

परबकाका त्यांच्यातलेच एक, फौजेतले रिटायर्ड हवालदार, मूळचे मालवणकडचे. मुलुंड पूर्वेला मिठागरांच्या बाजूची बिल्डिंग, तिसरा मजला. थोरला मुलगा अपघातात गेला तेव्हासुद्धा ते रडले नव्हते. काकींनी मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं होतं, “एकदा ह्यांका रडाक येऊंदे गो, मगे माका काळजी नाय.” मी ते डेटा म्हणून लिहून घेतलं.

त्या घरात दिवेलागण उशिरा होते. लढाईत सूर्य मावळताना शत्रू चाल करून येण्याची भीती जास्त, म्हणून त्या वेळी मोर्च्यात, म्हणजे खंदकात, सगळे हत्यार घेऊन गप्प उभे राहतात. बत्ती नाही, बिडी नाही, आवाज नाही. त्याला स्टँड-टू म्हणतात. काका अजूनही रोज तसेच खिडकीशी उभे राहतात, मिठागरांकडे तोंड करून. काकी वात भिजवून ठेवतात आणि पूर्ण काळोख पडला की मगच काडी ओढतात. त्या वेळेत बोलायचं नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी बोलले. अंधारात, तोंडं दिसत नसताना पुरुष मोकळे होतात, असं माझं लाडकं गृहीतक होतं ना.

“काका, तिकडे तुम्ही कधी रडलात?”

ते खिडकीकडेच बघत बोलायला लागले. शेजारच्या गावचा मित्र त्यांच्याच मोर्च्यात होता. ऐन स्टँड-टूच्या वेळी त्याच्या पोटात गोळी लागली. समोरचे इतके जवळ की त्यांचा खोकला ऐकू यायचा... आणि हा आईला हाका मारत रडायला लागला.

“मी त्याच्या तोंडावर हात दाबला. म्हटलं, मर्द आहेस ना, गप. काळोख पडेपर्यंत दाबून धरला. हात काढला तेव्हा तो गेलेला. गोळीनं गेला की माझ्या हातानं, ते मला आजपण माहीत नाय.”

मला हुंदका फुटला. आणि त्याच क्षणी माझ्या तोंडावर हात पडला.

खरखरीत, भर मे महिन्यात बर्फासारखा गार. बंदुकीच्या तेलाचा आणि ओल्या लोकरीचा वास. ओठ दातांवर चेपला गेला. मला वाटलं, काका! पण काका समोर होते, दोन्ही हात खिडकीच्या ग्रिलवर. काकींच्या बांगड्या आत वाजत होत्या. माझी पाठ तर भिंतीला टेकलेली. तो हात ओढून काढायला मी बोटं नेली, तर बोटांना माझेच गाल लागले. तिथे काहीच नव्हतं... आणि तरी दाब तसाच. आता मी मरते, एवढंच डोक्यात होतं.

काकींनी काडी ओढली, आणि दाब गेला.

काका वळले. माझ्या ओठावरचं रक्त बघून त्यांचा चेहरा उतरला.

“तुझ्यावर आला?” त्यांनी हळूच विचारलं. “रोज माझ्यावर येतो. रडू आलं की दाबतो. आज आलाच नाय.”

आणि तो माणूस खाली बसून मोठमोठ्याने रडायला लागला. काकी दिवा हातात घेऊन तशाच उभ्या. मी चपला हातात घेऊन जिना उतरले.

नंतर काकींचा फोन आला. “हे आता रडतत गो बाय. झोपतत पण.” त्यांनी मला तोंड भरून आशीर्वाद दिले. माझ्या गाइड म्हणाल्या, ओठ तूच चावला असशील. मीही तेच धरून चालले.

मग गेल्या महिन्यात बाबा गेले. हॉस्पिटलमधून त्यांना घरी आणलं तेव्हा उन्हं उतरली होती. आईने हंबरडा फोडला, मलाही रडू आलं... आणि तो हात आला. भरल्या घरात, सगळ्यांच्या देखत. बाहेर पूर्ण काळोख होईपर्यंत हलला नाही. आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत लोकांना सांगत होती, “बघा, पोरगी असून मुलासारखी खंबीर उभी आहे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तोंडातलं रक्त गिळलं.

अजून मला बाबांसाठी रडता आलेलं नाही. हे काय आहे, मला माहीत नाही. एवढंच कळतं की काका बोलले आणि तो माझ्याकडे आला. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, अशी स्वतःची समजूत घालून हे लिहिलंय.

आई रोज संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसते. म्हणते, आतल्या आत कुढू नकोस, मला सांग, मोकळी हो. मी उठून घरातले सगळे दिवे लावते आणि गप्प बसते.