साखळी ताणणारा

जवळच्या स्मशानात हिला नेलं, तरी सरणाची लाकडं कापायची राहिलीच होती. कापणाऱ्याचं नाव काही मी विचारलं नाही. त्याच्या बॅटरीच्या करवतीची साखळी सैल पडून निसटत होती. त्यानं बॅटरी काढून बाजूला ठेवली. मग स्क्रू जरासा फिरवायचा, हातमोज्यानं साखळी ओढून बघायची, पुन्हा फिरवायचा.

मी ओरडलो, “आटप की रे! बायको माझी उन्हात पडलीय.”

मान वर न करता तो म्हणाला, “घाई तुम्हाला हाय बाबा, आईला न्हाय. बसा तिच्यापाशी.”

राग आला, पण बसलो. हिच्या कपाळावरची माशी हाकलली, पदर सारखा केला.

साखळी बसली. करवत सुरू झाली, तसा मीच म्हणालो, “थांब रे जरा.”

काही न विचारता त्यानं करवत खाली ठेवली.